वाफ्यातले दाणे

"अगं ए, शिरल्या बघ तुझ्या भवान्या! सत्यानाश केला वाफ्याचा!"

सासऱ्यांची आरोळी आली, तशी सून हातातलं ओलं भांडं टाकून मागच्या दारी धावली. पाचही कोंबड्या रिकाम्या वाफ्यात. मजुरीवर लावल्यासारख्या माती उडवत होत्या. सासरे वाफ्याच्या कडेला खुर्चीत बसून काठी आपटत होते. उठायचं नाव नाही!

सून अगदी मेटाकुटीला आली होती. तिने जाळी लावली, कोंबड्यांना लोळायला वेगळा खड्डा करून दिला. या वाफ्याचं फाटक ती रोज स्वतः बंद करायची आणि रोज ते सताड उघडं. वर दिवसभर सासऱ्यांची टकळी चालूच. पिल्लं असल्यापासून जीव लावून वाढवलेल्या कोंबड्या. पण माणसाने ऐकून तरी किती घ्यायचं?

"बाबा, पुरे झालं. संध्याकाळी वन्संकडे पाठवून देते सगळ्यांना. मग बसा बाग कुरवाळत."

काठी थांबली. "सगळ्यांना?" सासऱ्यांचा चेहरा एकदम उतरला.

"आता आणखी काय?" ती करवादली आणि उधळलेली माती सारखी करायला वाकली. खुर्चीजवळच्या मातीत भोकं दिसली. गोल, काठीच्या टोकाएवढी, सरळ ओळीत. तिने एकात बोट घातलं. दाणे. दुसऱ्यातही दाणे.

तिने मान वर केली. पलीकडच्या रोपांच्या वाफ्याचं फाटक घट्ट बांधलेलं. तिथे एका पानालाही चोच लागली नव्हती. भिंतीला टेकलेल्या कुदळीवर कोळ्याने जाळं विणलं होतं. गेल्या वर्षी हा वाफा बाबांनी एकट्याने खणला होता. कुणाला कुदळीला हात लावू दिला नव्हता. यंदा तीच माती कोंबड्यांनी खणल्यासारखी भुसभुशीत केली होती.

सासरे दुसरीकडेच बघत होते. काठीच्या टोकाची माती हळूच खुर्चीच्या पायाला पुसत होते. सुनेला एकदम भरून आलं. तिने दाण्यांवर हळूच माती लोटली, आत गेली आणि दाण्यांचा डबा आणून खुर्चीपाशी आदळला.

"नाही पाठवत कुठे. पण यांचं दाणापाणी आता तुम्हीच बघायचं. माझी कंबर धरलीय, मला नाही वाकवत."

सासऱ्यांनी डबा पायाने जवळ ओढला. आवाज पुन्हा चढला.

"आजकालच्या पोरींना कामच नको!"