उगवण

रक्ताचा नमुना पेरलेल्या तीन प्लेटा इन्क्युबेटरमध्ये होत्या. तिन्ही कोऱ्या.

"ताई, उगवलं काही?" प्रयोगशाळेच्या खिडकीतून मावशींनी विचारलं. त्यांचे यजमान वर आयसीयूत होते. रक्तात बुरशी शिरल्याचा संशय होता.

"नाही, मावशी."

त्यांनी हात जोडले. "सुटले बाई!"

"तसं नाही हो. ती हळू वाढते. उगवली तरच कुठल्या औषधानं मरते ते कळेल. तोवर डॉक्टर अंदाजानं देताहेत."

दुसऱ्या दिवसापासून त्या उलटं मागू लागल्या. "घटातलं धान्यसुद्धा तिसऱ्या दिवशी वर येतं. हिला काय धाड भरलीय? उगव गं बाई!"

शुक्रवारी एका प्लेटवर पाच पांढरे ठिपके दिसले. मावशी आल्या त्या यजमानांच्या कपड्यांची पिशवी घेऊन. ते पहाटेच गेले होते.

"उगवलं?"

"हो."

"मग तपासा. मला कळायला हवं."

मी ती बुरशी नव्या प्लेटवर पसरली, वर औषधांच्या दोन चकत्या ठेवल्या. शनिवारी चकत्यांभोवतीची, बुरशी न उगवलेली जागा पट्टीनं मोजली.

यजमानांना चालू असलेलं औषध: शून्य मिलिमीटर. दुसरं: चोवीस मिलिमीटर.