बाबांचा चौकोन

“हे काय आहे?” जीवशास्त्राच्या मॅडमनी एक तक्ता उंच धरला. “आजीचं वय वडिलांपेक्षा कमी?”

त्यांनी दुसरा तक्ता उचलला.

“आणि हा महाभाग. रक्तगटाच्या रकान्यात ‘लाल’ लिहिलंय.”

कोणीतरी फिसकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत. सगळ्यात मागच्या बाकावर मुख्याध्यापिका बसल्या होत्या, आणि त्याही हसत नव्हत्या.

वर्षाच्या सुरुवातीला मॅडमनी या विषयाची उद्दिष्टं मोठ्या हौसेनं लिहून दिली होती. मुलं निरीक्षण करतील, पुरावा तपासतील, स्वतःहून निष्कर्ष काढतील. आता अर्धं वर्ष सरलं होतं आणि वर्गानं स्वतःहून काढली होती ती फक्त डब्यांची झाकणं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

“एका मुलानं तरी स्वतःच्या डोक्यानं विचार करून काही सांगितलं तर मला पुरे,” मुख्याध्यापिका काल म्हणाल्या होत्या. “नाहीतर प्रयोगशाळेचा तास गणिताला द्यावा लागेल. तिथे निदान उत्तर तरी येतं.”

तो तास मॅडमचा जीव होता. सूक्ष्मदर्शकांसाठी त्यांनी चार ठिकाणचे उंबरठे झिजवले होते, कपाटं स्वतः रंगवली होती. तो गेला असता तर उरली असती नुसती पोपटपंची, आणि त्यासाठी रोज सकाळी उठून शाळेत यायची त्यांना मुळीच इच्छा नव्हती.

त्यात घरी बाबांचं पोटाचं ऑपरेशन झालेलं. शाळा आणि दवाखाना करता करता त्यांच्या नाकी नऊ आले होते. तक्ते तपासायचे ते दवाखान्याच्या बाकड्यावर, डुलक्या घेत. बाबा आता घरी आले होते, कपभर पेजेसाठी आईशी भांडत होते, म्हणजे बरे होते.

“यंदा माझा तक्ता पुरा होणार,” सकाळी डबा भरताना मॅडम आईला म्हणाल्या होत्या. “बाबांचा गट कळला एकदाचा.”

दरवर्षी नमुना म्हणून त्या आपल्याच घराचा तक्ता फळ्यावर काढत, आणि दरवर्षी बाबांच्या चौकोनात प्रश्नचिन्ह राही. बाबा सुईला भीत. रक्त तपासायचं नाव काढलं की वर्तमानपत्रात तोंड खुपसत. ऑपरेशनच्या आधी मात्र दवाखान्यात रक्त तपासावंच लागलं, तिथे त्यांची सुटका झाली नाही.

“घरातल्या गोष्टी कशाला फळ्यावर?” आई म्हणाली. “मामाचं उदाहरण दे की.”

“मामाचा काय संबंध, आई? आई आणि वडील, दोघांचं लागतं.”

“मग दुसऱ्या कुणाचं दे. मुलांना काय कळतंय?”

“त्यांना काही कळत नाही हेच तर माझं दुखणं आहे.”

“तुझा हट्ट म्हणजे ना…” आई बोलता बोलता थांबली आणि ओट्याकडे वळली.

“बाबांवर गेलाय, माहितीये मला,” मॅडम म्हणाल्या आणि चपला घालून निघाल्या.

आता त्यांनी तक्त्यांचा गठ्ठा टेबलावर आपटला आणि फळा पुसला.

“इकडे बघा. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. हे माझे बाबा, एबी. ही आई, ए. खालच्या गोलात मी.” त्या गोलात त्यांनी दरवर्षीच्या सवयीनं ओ लिहिला आणि फळ्याकडे पाठ केली. “प्रत्येकाकडे दोन अक्षरं असतात. मूल आईकडून एक घेतं, वडिलांकडून एक. ओ गट यायचा तर दोघांकडूनही ओ मिळावा लागतो. एकानं जरी ए किंवा बी दिला, तर ओ झाकला जातो. समजलं?”

“हो, मॅडम,” सगळे एका सुरात म्हणाले. याच सुरात ते कशालाही हो म्हणत.

“मग सांगा. यावरून काय कळतं?”

पहिल्या बाकावरच्या हुशार मुलानं हात वर केला. मॅडमच्या जिवात जीव आला.

“मॅडम, हे परीक्षेला आहे का?”

त्यांनी कपाळाला हात लावला. मागे मुख्याध्यापिकांनी घड्याळ पाहिलं. गेला तास गणिताला, मॅडमच्या मनात आलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं.

तेवढ्यात खिडकीजवळची मुलगी उभी राहिली. शिक्षकांच्या खोलीत तिला सगळे मुखस्तंभ म्हणत. तीन वर्षांत तिचा आवाज कुणी धड ऐकला नव्हता. ती फळ्याकडे बघून बोटांवर काहीतरी मोजत होती.

“बोल, बाळा.”

“तुमच्या बाबांकडे दोन अक्षरं आहेत,” ती हळूच म्हणाली. “ए आणि बी.”

“बरोबर.”

“म्हणजे त्यांच्याकडे द्यायला ओ नाहीच.”

“शाब्बास.” हे मॅडमनी सांगितलेलं नव्हतं. पोरीनं स्वतः काढलं होतं. त्यांनी अभिमानानं मुख्याध्यापिकांकडे पाहिलं. मुख्याध्यापिका पुढे सरकून बसल्या होत्या.

“पण तुम्हाला तर दोघांकडून ओ मिळालाय.” मुलगी अडखळली. तिनं एकदा फळ्याकडे पाहिलं, एकदा मॅडमकडे, आणि खाली बसायला लागली.

“बसू नकोस. अगदी बरोबर चाललंय तुझं,” मॅडम म्हणाल्या. इतकं बरं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. “घाबरायचं नाही. पुरावा जे सांगतो ते मोठ्यानं सांगायचं. सगळ्यांना ऐकू जाऊ दे.”

मुलगी पुन्हा सरळ उभी राहिली.

“मग हे तुमचे बाबा नाहीत, मॅडम.”