राखीव मुठीतले सेल

१६ सप्टेंबर १९९६, सोमवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटे. बडोद्यातल्या त्या इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात खाटा सहा, रुग्ण पाच, आणि घशात उजेड पाडून श्वासनळीत ट्यूब घालायचे लॅरिंगोस्कोप दोन: एक वापरातला, एक राखीव.

राखीव यंत्राच्या मुठीतले सेल लक्ष्मीकांत काढून ठेवीत. उपकरणे सांभाळणे हे त्यांचे काम, आणि नियम टेक्निकल कॉलेजातला: पडून राहणाऱ्या उपकरणात सेल ठेवू नयेत, पाझरले की स्प्रिंग गंजते. क्रिकेटच्या दिवसांत सेल कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरमध्ये जात, म्हणून सेलच्या खणाला कुलूप आणि किल्ली जानव्याला. बावीस वर्षांत त्यांचे एकही उपकरण गंजले नव्हते.

"काका, तिजोरीच बांधलीय की जानव्याला!" सिस्टर श्रद्धा चिडवी.

चौथ्या खाटेवर रावपुऱ्यातल्या शिक्षिका इंदिराबाई. शस्त्रक्रियेनंतर त्यांचा गळा सुजत गेला, आता मास्कनेही हवा आत जाईना. डॉक्टर वसुंधरा शिकाऊ धवलच्या मागे उभ्या राहिल्या.

"स्वतःचा श्वास रोखून धर. तुला सोसेनासा झाला, की त्यांनाही सोसत नाही, हे समज."

धवलने श्वास रोखला, जीभ उचलली. सकाळीच तपासलेला दिवा मंदावला आणि विझला.

"मॅडम, कंई देखातुं नथी!"

"दुसरा आणा!"

दुसऱ्याची मूठ रिकामी. टॉर्चचे सेल तिच्यात बसेनात.

"लक्ष्मीकांतकाका, किल्ली!"

व्हरांड्यापलीकडच्या खोलीतून ते धावत आले. आधी अ‍ॅप्रन, मग सदऱ्याची बटणे, आत गंजीफ्रॉक. किल्ली पाठीकडे सरकली होती; ओढता ओढता जानव्याला पीळ बसला. धवलने केव्हाच श्वास घेतला होता. लक्ष्मीकांतांनी मात्र नकळत रोखून धरला होता. शेवटी जानवेच तुटले.

ट्यूब बसली तेव्हा साडेसहा मिनिटे गेली होती. पावणेपाचला इंदिराबाईंचे हृदय थांबले.

व्हरांड्यात त्यांचे यजमान जगदेवराव बाकावर बसले होते. लक्ष्मीकांतांना पाहून ते उठले, हात जोडले.

"कसे धावत आलात, ते पाहिलं मी. उपकार आहेत तुमचे."

"त्यातले सेल मीच काढून ठेवले होते," लक्ष्मीकांत म्हणाले. "खराब होऊ नयेत म्हणून."

जगदेवरावांना त्यातले काही कळले नाही. त्यांनी मान हलवली.

"एवढी काळजी हल्ली कोण घेतं हो?"

लक्ष्मीकांत आत गेले. खणाचे कुलूप त्यांनी कडीसकट उखडून काढले, दोन्ही मुठींत नवे सेल भरले, दोन्ही दिवे लावून पाहिले. मग नोंदवहीत नेहमीच्या ठसठशीत अक्षरात लिहिले:

सायंकाळी सहा. खाटा सहा. लॅरिंगोस्कोप दोन, दोन्ही चालू. रुग्ण चार.