हुरड्याला येणारे

मुकुंदरावांनी लिहिलेल्या पहिल्यावहिल्या कॉम्प्युटर प्रोग्रामनुसार यंदा शेतावर हुरड्याला झाडून सगळे येणार होते. सुधाकरसुद्धा.

"हा कसा येईल?" ते लेकीला म्हणाले. निवृत्तीनंतर पायथन शिकायचं खूळ तिनंच त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं प्रत्येकाचं उत्तर त्यांनी नीट टाइप केलं होतं. धाकट्या भावाचं, सुधाकरचं, उत्तर होतं 'नाही'. तरी त्याच्या नावापुढे ट्रू, म्हणजे येणार.

ऋजुतानं स्क्रीनवर नजर टाकली. "बाबा, तुम्ही उत्तराचं थेट बूलियन केलंत, म्हणजे नुसतं ट्रू किंवा फॉल्स. कॉम्प्युटरला 'नाही'चा अर्थ कळत नाही. त्याच्या लेखी ती नुसती अक्षरं, म्हणजे स्ट्रिंग. स्ट्रिंगमध्ये काहीही असलं की ट्रू."

"शिवी दिली असती तरी?"

"तरी ट्रू. काहीच आलं नाही, तरच फॉल्स."

तिनं ओळ दुरुस्त केली. आता उत्तर 'हो' असेल तरच ट्रू. सुधाकर यादीतून गळला.

मुकुंदराव मात्र त्या 'नाही'कडेच बघत राहिले. जमिनीची वाटणी झाल्यापासून ते दर हिवाळ्यात भावाला बोलावत होते, आणि दर हिवाळ्यात पलीकडे शुकशुकाट. यंदा पहिल्यांदाच काहीतरी आलं होतं.

"मग कणसं थोडी कमी खुडायला सांगू ना?" ऋजुतानं उठता उठता विचारलं.

"असू दे तेवढीच," फोनमध्ये सुधाकरचा नंबर शोधत ते म्हणाले. "बोललाय तो."