नवं कुलूप

बेल वाजली, तरी ती जागची हलली नाही. या दाराची बेल त्याने कधी वाजवलीच नव्हती. त्याच्याजवळ घराची किल्ली नसायची आणि लागायचीही नाही. कुलूपवालाच तो! खिशातली तार काढायचा, आणि आत तिचा चहा गाळून होईपर्यंत स्वयंपाकघराच्या दारात हजर. लग्नानंतर तिला याची केवढी मौज वाटायची. आता त्याच तारेच्या धास्तीने ती दाराला खुर्ची लावून झोपत होती.

बेल पुन्हा वाजली. तिने खुर्ची सरकवली आणि दार उघडलं.

"सही करायला आलोय," तो म्हणाला. पायपुसण्यावरच उभा, पाहुण्यासारखा.

तसा वाईट माणूस नव्हता. बाटली नाही, बाहेरची भानगड नाही, कधी हात उगारणं नाही. फक्त शब्दाचा कच्चा. गल्ली त्याला 'उद्याशेठ' म्हणायची. उद्या देतो, उद्या येतो, उद्या नक्की. तिच्या बांगड्या मित्राच्या धंद्यात गेल्या, तेव्हा तिच्या गळ्याची शपथ घेऊन म्हणाला होता, पुन्हा असं होणार नाही. मग दोघांच्या खात्यातली शिल्लकही त्याच वाटेने गेली. दर वेळी त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते खरं असायचं. खोटारडा असता तर सोडणं सोपं गेलं असतं.

घटस्फोटासाठी वकील करायची ऐपत नव्हती. चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या बाईला वकिलाची पायरी परवडते थोडीच? कोर्टातल्या मदतखिडकीवरच्या बाईंनीच तिला फुकटात शहाणं केलं होतं. "घर दोघांच्या नावावर आहे ना? मग निकाल लागेपर्यंत हलायचं नाही. रडू आलं तरी उंबरठ्याच्या आत रडायचं. बँकेला सांगा, दोघांच्या सहीशिवाय पैसा काढू देऊ नका. कागदांच्या प्रती बहिणीकडे ठेवा. आणि तोंडचा शब्द म्हणून काही मानू नका." तिने सगळं तसंच केलं. तोही भांडला नाही. घरातला वाटा तिला, कर्ज त्याच्या डोक्यावर, असं ठरलं, आणि तो दुकानामागच्या खोलीत राहायला गेला. कुलूप बदलायचं मात्र तिच्याच डोक्यातून निघालं होतं.

त्याने चष्मा लावला. काचा तिनेच घासलेल्या. टेबलाशी वाकून कागदांवर सही केली. 'उद्या' म्हणाला नाही. घर तिचं झालं. तिला वाटलं होतं, या क्षणी हायसं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

तो निघाला आणि दाराशी थबकला. नव्या कुलपावरून त्याने बोटं फिरवली.

"हे कुणी बसवलं?"

"गावाच्या त्या टोकाचा आहे एक. म्हणाला, चोराच्या बापालाही उघडायचं नाही."

"बापाचं राहू दे. शेंबडं पोरही उघडेल."

तिला हसू फुटलं. मग हसल्याचाच राग आला.

त्याने विचारलं नाही, सांगितलं नाही. सरळ खाली बसला, खांद्यावरची हत्यारांची पिशवी उघडली आणि कुलूप खोललं. आतल्या पिना बदलल्या, त्यांना जुळतील अशा किल्ल्या घासल्या, दाराच्या फटीवर पोलादी पट्टी ठोकली. कामाला बसला की हा माणूस वेगळाच असायचा. ती स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहिली. 'राहू द्या, उद्या करा' असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

काम झाल्यावर त्याने चष्मा उतरवून टेबलावर ठेवला, शेजारी सगळ्या किल्ल्या ठेवल्या.

"आता माझ्याच्यानंही उघडणार नाही. शब्द देतो."

शब्द! तिने मान डोलावली. तार त्याच्या खिशातच होती. खुर्ची दाराला लावावी लागणारच, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

तो जिना उतरू लागला तेव्हा तिचं लक्ष टेबलावर गेलं. चष्मा तिथेच राहिला होता. चष्म्याशिवाय त्याला हातातलं नाणं ओळखता यायचं नाही. तिने चष्मा उचलला आणि धावली.

"अहो, चष्मा!"

तो वळला. वर वाऱ्याने दार धाडकन लागलं, आणि नवं कुलूप आपोआप बसलं. किल्ल्या आत.

दोघंही जिना चढून दाराशी आली. मग तो म्हणाला, "थांब."

त्याने चष्मा लावला, तार काढली आणि दारापुढे गुडघे टेकले. ती पायरीवर बसली. चहा गाळण्याइतका तर वेळ. दार उघडलं की हा पुन्हा एकदा खोटा ठरणार, हे तिला कळत होतं. आणि तरी ते उघडावं, पहिल्यासारखं चटकन उघडावं, म्हणून तिचा जीव कानात येऊन बसला होता.

तार वाकली. त्याने दुसरी काढली. ती मोडली. त्याची पाठ घामाने भिजली. त्याने कान दाराला लावला, डोळे मिटून चाचपलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी कपाळ दाराला टेकून तो तसाच राहिला.

"नाही उघडत गं," तो म्हणाला. "दार फोडावं लागेल."

ती रडू लागली. उंबरठ्याच्या बाहेर, भर जिन्यात, हुंदके देऊन. दाराचं तिला काहीच वाटत नव्हतं. बारा वर्षांत त्याने दिलेल्या शब्दांपैकी एकच त्याने खरा केला होता, आणि तो हा होता.