दुसरा बोलणारा

“पुन्हा चुकलीस!” शिवयोगी सरांनी वही टेबलावर आपटली. “नळातलं पाणी वाहतं, घागरीतलं थांबलेलं. दोन्हींची लिंगं वेगळी. किती वेळा सांगायचं?”

सिद्धेश्वरी दारात उभी होती. लुगड्याला टॉवेलाचे दोरे चिकटलेले. “अवो, पाणी ते पाणीच की. नळ येतोय चार दिसांनी. तवा भरून घ्यायचं का लिंग बघत बसायचं?”

बायकोपुढं डोकं आपटून घेणं सरांना या शिकवणीच्या आठ महिन्यांत अंगवळणी पडलं होतं.

अकरा वर्षं खपून त्यांनी ती भाषा घडवली होती. निलवा. शाळेत पोरांना मराठी व्याकरण शिकवायचं आणि घरी येऊन निलवाचं रचायचं. निलवात पाच लिंगं: वाढणाऱ्या वस्तूंचं एक, वाहणाऱ्यांचं एक, थांबलेल्यांचं, हातानं केलेल्यांचं आणि न दिसणाऱ्यांचं. क्रियापदाची तर सात रूपं. काम झालं, चालू आहे, रोजचंच आहे, होता होता राहिलं, कंटाळून अर्धवट सोडलं... प्रत्येकाला प्रत्यय निराळा. तीन हजार शब्दांचा कोश त्यांनी स्वतः टाइप केला होता. इतकं सगळं होतं, फक्त बोलायला माणूस नव्हता. अकरा वर्षांत ही भाषा सरांनी दुसऱ्या कुणाच्या तोंडून धड ऐकलीच नव्हती.

घोडं अडलं होतं तिथंच. अशा भाषा रचणाऱ्या हौशी लोकांची एक संस्था होती. तिच्या संग्रहात भाषा जायची तर दोन माणसांनी व्हिडिओवर, परीक्षकासमोर, दहा मिनिटं ती बोलून दाखवायची. नाहीतर शेरा पडायचा, ‘कागदी भाषा’. सरांना तो दोनदा मिळाला होता. तिसऱ्यांदा मिळाला की विषय कायमचा संपला. परीक्षा रविवारी अकराला होती.

सोबतचे मास्तर लोक सरांना बघून रस्ता बदलत. बंगळूरच्या मुलानं, “पप्पा, प्लीज,” म्हणून फोन ठेवला होता. राहता राहिली सिद्धेश्वरी. कर्नाटकाच्या सीमेवरच्या मैंदर्गीची, सातवी शिकलेली.

आणि तिला वेळ कुठं होता? बाहेरच्या खोलीत शेजारची नरसम्मा आणि गल्लीतल्या चौघी-पाचजणी रोज दुपारी जमायच्या. अक्कलकोट रोडच्या कारखान्यातून टॉवेलांचे गठ्ठे यायचे. कडेचे दोरे कापायचे, गाठी मारायच्या. सिद्धेश्वरी हातातलं काम टाकून काही आत येत नसे. म्हणून सर आतल्या खोलीत खुर्चीवर बसून एकेक वाक्य सावकाश, खणखणीत आवाजात म्हणायचे आणि ती बाहेरून “व्हय, व्हय” करायची. धडा संपला की बायकांचा कलकलाट सुरू व्हायचा. पद्मशाल्यांची, म्हणजे तेलुगू विणकरांची गल्ली ती. तेलुगूचा मारा नुसता! सरांना कन्नड येत होतं, तेलुगूचं मात्र अक्षर कळत नसे. ते कानात कापूस घालून बसत.

एकदा कारखान्याचा माणूस टॉवेल न्यायला आला, तेव्हा वैतागून आत डोकावला. “सर, भाव ठरवायच्या वेळेलाच ह्या बायका तेलुगू सोडून कन्नड कशाला वो बोलतात? आमाला कायच कळंना की.”

सर तेव्हा प्रत्ययांच्या तक्त्यात बुडालेले. “हं,” एवढंच म्हणाले.

रविवार उजाडला. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि सिद्धेश्वरीला शेजारी बसवलं. फोनवर पुण्याच्या परीक्षक मॅडम आल्या. मराठी स्वच्छ, चेहरा शांत. “करा सुरू,” म्हणाल्या.

सरांनी निलवात विचारलं, आज सकाळपासून काय काय केलं?

सिद्धेश्वरीनं तोंड उघडलं. दोन शब्द झाले नाहीत तोच सर म्हणाले, “लिंग!” तिनं पुन्हा सुरू केलं. “प्रत्यय! काम झालंय की चाललंय?” तिसऱ्यांदा ती घाईनं काहीतरी भडाभडा बोलून गेली. सरांना त्यात धड एक शब्द लागेना.

“सर, त्यांना बोलू द्या ना,” मॅडम म्हणाल्या.

“काय बोलू द्या, मॅडम? सगळं चुकतंय! आठ महिने घसा कोरडा केला मी. हिच्या डोक्यात काही शिरतच नाही!”

सिद्धेश्वरी उठली. “तुमाला पायजे तसं मला न्हाय येत. बोला तुमी एकटेच.” आणि ती बाहेर निघून गेली.

अकरा वर्षं! एका बाईच्या हट्टापायी सगळी मातीत गेली. इतका संताप आला की रडू फुटायचं तेवढं राहिलं.

बाहेर सिद्धेश्वरीनं काहीतरी सांगितलं आणि बायका खो खो हसल्या. नरसम्मानं काही जोडलं, पुन्हा हशा. सर ताडकन उठले आणि दार लावायला निघाले.

“थांबा,” मॅडम म्हणाल्या. “दार राहू दे. फोन जरा त्यांच्याजवळ न्या.”

“माफ करा, मॅडम. शेजारणी आहेत. दिवसभर यांचं तेलुगू चालू असतं. मला काही कळत नाही, तर तुम्हाला पुण्यात बसून काय कळणार?” असं म्हणत सरांनी फोन दाराशी धरला.

मॅडम बराच वेळ ऐकत होत्या. पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. मग त्यांना हसू आवरेना.

“सर, मी मूळची वरंगलची, तेलुगू माझी मायबोली. हे तेलुगू नाही,” त्या म्हणाल्या. “तुमचा कोश मांडीवर घेऊन ऐकतेय मी. सगळ्याजणी भरभर, तुमचे प्रत्यय गाळून निलवाच बोलतायत, आणि तुमचीच नक्कल चाललीय.”