आभाळछत्रीखालचा मोगरा

दुपारी चंद्रपूरवर आभाळछत्री उघडली आणि मे महिन्याचा सूर्य प्रथमच फिका पडला. सूर्य आणि शहर यांच्यामध्ये अंतराळात ताणलेल्या त्या पडद्याचे स्वागत करायला लोक रस्त्यांवर उतरले. संध्याकाळी मात्र त्यांच्या तोंडांतून वाफ निघू लागली. गारवा अंदाजाहून खोल गेला होता. रात्री दव गोठेल आणि पडदा सकाळपूर्वी मिटवता येणार नाही, अशी सूचना आली.

अंगणात मंदाकिनी धोटे कूलरच्या वाळ्याच्या ताट्या उचकटत होती. कळ्यांनी लगडलेल्या मोगऱ्याभोवती ती त्या कोरड्या ताट्या घट्ट बांधू लागली.

"अवो, सारं गाव नाचून राहिलं, अन् तू कूलर सोलून राहिली!" तिचे यजमान मनोहरराव दारातून म्हणाले. गेल्या वैशाखात उष्माघाताने ते मरता मरता वाचले होते. "ऊन माहा वैरी. त्याचं हे लेकरू मरू दे."

"तुमच्यासाठी थंडी पाहिजे होती, याच्यासाठी ऊन पाहिजे. मले दोघंही जितेच पाहिजेत."

"आता कुठून आणशीन ऊन?"

"गच्चीवरच्या विटांत असन थोडं. जा, आणा."

मनोहरराव पुटपुटत वर गेले. सकाळच्या उन्हात भाजलेल्या विटांत ऊब अद्याप जिवंत होती. त्यांनी अंगावरची शाल काढली, चार विटा तिच्यात गुंडाळल्या, छातीशी कवटाळल्या आणि ते घाईने जिना उतरू लागले.

"सरक, मंदा," ते ओरडले, "ऊन निवून राहिलं!"